नवं लिहिणाऱ्याने सोबत कुठे शोधावी?

प्रश्न असा आहे: "मी नांदेड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय २९. चार-पाच वर्षांपासून कथा लिहिते. दहा-बारा कथा वहीत आहेत, दोन एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत आल्या. घरात लिहिणारं कुणी नाही, पुण्या-मुंबईत ओळख नाही. हे लेखन कुणाला दाखवावं? कुणाच्या ओळखीने पुढे जाता येईल?"

ओळखीचा भाग आधी उरकून टाकते, कारण त्याची धास्ती लोकांना गरजेपेक्षा जास्त असते. मी बरीच वर्षं एका दिवाळी अंकाचं संपादन केलं, आता एका प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचते. दिवाळी अंकात ओळख चालते का? चालते. अंकातला मोठा भाग आमंत्रित असतो. मुखपृष्ठावर छापायची नावं एप्रिल-मेमध्येच ठरतात, त्यांना फोन जातात, त्यांची पानं राखून ठेवली जातात. पण उरलेल्या पानांसाठी टपालाने आणि ई-मेलने जे येतं, त्याचा ढीग जुलैत समोर असतो तेव्हा संपादकाला नावाशी देणंघेणं नसतं. तो कंटाळलेला असतो आणि त्याला एक धड कथा हवी असते. ढिगातल्या बहुतेक कथा पहिल्या पानावरच कळून येतात: गावाकडे परतणारा मुलगा, एसटीच्या खिडकीतून दिसणारं शिवार, दुसऱ्या परिच्छेदात आईच्या हातची भाकरी. अशात कुणीतरी काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय असं पहिल्या चार ओळींत जाणवलं, की ती कथा बाजूला निघते आणि चहाच्या वेळी दुसऱ्याला वाचून दाखवली जाते. ती नांदेडची की नरिमन पॉइंटची, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

म्हणजे कथा त्या टेबलावर पोचण्याआधी धड झालेली हवी. ती एकटीने धड करणं फार अवघड असतं, म्हणून तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिला मला जास्त मोलाचा वाटतो. त्यावर माझं मत पक्कं आहे: वरच्या माणसाकडे नंतर बघा, आधी बरोबरीची दोन-तीन माणसं शोधा.

मराठीत नवं काही झालं त्यात अशा बरोबरीच्या माणसांचा वाटा मोठा आहे. १९५०च्या दशकात मुंबईत 'शब्द' नावाचं छोटं नियतकालिक निघालं तेव्हा ते काढणारे अरुण कोलटकर विशीतले होते, दिलीप चित्रे तर विशीच्याही आतले. त्यांच्या कविता छापायला कुणी मान्यवर पुढे येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. ते एकमेकांचे पहिले वाचक झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीला औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केलं, तेव्हा तेही तिशीच्या आसपासचे प्राध्यापकच होते. त्या त्रैमासिकाने दलित लेखकांच्या एका पिढीला छापलं, आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरायचे. आपल्यासारखं लिहिणारं आणखी कुणी आहे, हे कितीतरी जणांना तिथे पहिल्यांदा समोरासमोर कळलं. पाठबळ म्हणतात ते एवढंच असतं, आणि ते फार असतं.

बरोबरीचा वाचक नेमकं काय करतो, ते एका कथेवरून सांगते. लेखकाची ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत. एक शेतकरी सोयाबीनची ट्रॉली घेऊन बाजार समितीत रांगेत उभा आहे आणि दीड पान गेलेल्या बापाची आठवण काढतो आहे. भाषा चांगली होती. आम्ही संपादकी थाटात कळवलं, "आठवणींचा भाग थोडा कमी करता येईल का?" आमचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण त्याने कथा सुधारली नसती. लेखकाचा मित्र आडत दुकानात हिशेब लिहायचा. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "अरे, ट्रॉली काट्यावर चढली की माणूस बाप आठवत नाही, काट्याचा आकडा बघतो. आणि मॉइश्चरच्या मशीनकडे बघतो. बाराच्या वर गेलं की भाव तुटला." लेखकाने ते दीड पान काढून टाकलं. नव्या खर्ड्यात मशीन चौदा दाखवतं, आणि तेवढ्यात एका वाक्यात बाप येतो: तो दाणा दाताखाली धरून ओल सांगायचा. तेवढ्या वाक्याने कथा उभी राहिली. हे सांगणारा माणूस साहित्यिक नव्हता. त्याला ते जग माहीत होतं आणि मित्राची भीड नव्हती. तुम्हाला हवेत ते असे वाचक.

ते मिळतात कुठे? तुमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय पहिलं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची मान्यताप्राप्त वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत. तालुक्याच्या गावी एखादं असतंच, मग ते संध्याकाळी दोनच तास का उघडेना. तिथल्या ग्रंथपालाला गावात कोण काय वाचतं ते पाठ असतं. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते: वेगळी वर्गणी भरायची आणि दिवाळीनंतर अनेक महिने अंक पाळीपाळीने घरी न्यायचे. ती लावाच. एक तर कोणता अंक कसली कथा छापतो हे त्यातूनच कळतं. विनोदी अंकाला शेतकऱ्याच्या आत्महत्येवरची कथा पाठवणारे लोक दर वर्षी असतात. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच अंकांत कथेच्या शेवटी लेखकाचा मोबाइल नंबर छापतात. मोठ्या नावांच्या नंबराकडे बघू नका. लातूर, परभणी, हिंगोली, यवतमाळ असा पत्ता असलेलं, पूर्वी न ऐकलेलं नाव शोधा. त्याची कथा आवडली असेल तर फोन करा, काय आवडलं ते नेमकं सांगा आणि बस्स. स्वतःच्या लेखनाचा विषय पहिल्या फोनवर काढू नका. छापून आल्यावर वाट बघत बसलेल्या माणसाला असे फोन किती कमी येतात, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो तुम्हाला विसरणार नाही.

तुमच्या शाळेच्या केंद्रात महिन्याला शिक्षण परिषद होत असेल. त्या हॉलमध्ये निदान एक जण तरी मागच्या पानावर कविता लिहीत बसलेला असतो. शिक्षकी पेशाने मराठीला किती लेखक दिले ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखा आहेत, नांदेडलाही साहित्याचे कार्यक्रम होत असतात. काही ठिकाणी शाखा जोमात असते, काही ठिकाणी फक्त निवडणुकीपुरती. जाऊन बघा, जमलं नाही तर सोडून द्या. परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक मात्र वाचत जा.

तीन-चार जण जमले की महिन्यातून एकदा भेटा, प्रत्यक्ष नाहीतर फोनवर. कथा आधी पाठवायची आणि सगळ्यांनी वाचून यायचं. लेखकाने आधी गप्प बसायचं, हा एक नियम कडक पाळा. "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे वाक्य लेखकाच्या तोंडून लवकर आलं की चर्चा संपली. वाचणाऱ्यांनी निकाल देऊ नये. कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, कुठे खोटं वाटलं, तेवढं बोट ठेवून दाखवावं. दुरुस्ती लेखकाचं काम. व्हॉट्सॲपच्या अडीचशे जणांच्या साहित्य समूहात हे होत नाही. तिथे सकाळी कविता पडते आणि दुपारपर्यंत खाली फुलं आणि जोडलेले हात. वाईट त्यात काही नाही, पण त्याला वाचक समजू नका.

आता मोठ्या लेखकांकडे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, तिथेच इंग्रजी शिकवलं, सभा-समारंभांपासून लांबच राहिले. तरी त्यांचा पत्रव्यवहार एवढा, की पुढे त्याचे खंड निघाले. नरहर कुरुंदकर तर तुमच्याच नांदेडचे. पीपल्स कॉलेजात शिकवत राहिले आणि तिथूनच त्यांचं म्हणणं सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. पुण्या-मुंबईत नसणं ही गैरसोय आहे, अपात्रता नाही. प्रवासखर्च जास्त, कार्यक्रम चुकतात, प्रकाशकाची गाठ पडत नाही. पण पत्र तेव्हाही पोचायचं, आता तर क्षणात पोचतं.

मात्र ते पत्र कसं असावं? मला येणाऱ्या दहांतल्या आठ पत्रांचा मायना "आपल्या अमूल्य मार्गदर्शनाची अपेक्षा" असा असतो आणि सोबत तीनशे पानांची कादंबरी. मी काय करावं अशी अपेक्षा आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"नमस्कार. तुमची अमुक कथा वाचली. त्यातली सून दळण घेऊन परत येते तो प्रसंग मनातून जात नाही. मी अमुक गावी शिक्षिका आहे, कथा लिहिते. सोबत एक कथा जोडली आहे, सहा पानांची. तिचा शेवट मला स्वतःलाच खटकतो आहे. वेळ मिळाला तर फक्त शेवटाबद्दल दोन ओळी कळवाल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही."

अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते, कारण मागणं छोटं आहे आणि नकार द्यायला वाट ठेवलेली आहे. उत्तर नाही आलं तर महिन्याभराने एकदा आठवण करा. पुन्हा नको. उत्तर आलं आणि त्यात टीका असली, तर आभार मानून थांबा. वाद घालणारं दुसरं पत्र आलं की माणूस तिसऱ्या वेळी फाइल उघडत नाही. शेवट बदलून कथा छापून आली तर अंकाची प्रत पाठवा. हे फार कमी लोक करतात.

पहिल्या भेटीत प्रस्तावना मागणं हा आपल्याकडचा जुना रोग. प्रस्तावना चांगली कशी असते? १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा मुंबईतल्या वेश्यावस्तीचं जग मांडणारा कवितासंग्रह आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्यासाठी तेंडुलकर ढसाळांना घेऊन त्या वस्तीत हिंडले होते. एवढे कष्ट घेणारा कुणी आपणहून भेटला तर घ्या. नाहीतर "या नवोदित लेखिकेकडून खूप अपेक्षा आहेत" अशी अडीच पानं वाचक उलटून टाकतो. संपादकही उलटतो.

पाठवण्याचं वेळापत्रक थोडक्यात. 'मनोरंजन'कार काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या कथालेखकासाठी याहून मोठं दार मराठीत नाही. मे-जूनमध्ये कथा पाठवा. जुलैअखेर उशीर झालेला असतो, ऑगस्टनंतर प्रूफं चालू असतात. कथा युनिकोडमध्ये, वर्डच्या फाइलमध्ये; वहीच्या पानांचे फोटो नकोत. फोनवर बोलून टाइप केलं असेल तर एकदा मोठ्याने वाचा, 'पाणी'चं 'पानी' झालेलं सापडेल. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. ठरावीक मुदतीत कळलं नाही तर "मी कथा परत घेत आहे" असं कळवा आणि मगच दुसरीकडे द्या. दोन अंकांत एकच कथा आली की संपादकांमध्ये ते नाव फिरतं, आणि चांगल्या कारणासाठी नाही. मानधनाची अपेक्षा बेताची ठेवा. अनेक अंक फक्त प्रत देतात, काही तीही आठवण केल्यावर. 'साभार परत' आलं तर त्यात कारण लिहिलेलं आहे का पाहा. कारण लिहायला संपादकाने वेळ काढला असेल तर पुढची कथा त्यालाच पाठवा.

संमेलनांना जावं का? जावं, पण कशासाठी ते ठरवून. अखिल भारतीय संमेलनात मांडवातली भाषणं घरबसल्या ऐकता येतात. ग्रंथप्रदर्शनाच्या गल्लीत फिरा. छोट्या प्रकाशकांच्या गाळ्यावर बऱ्याचदा मालक स्वतः बसलेला असतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला त्याच्याकडे वेळही असतो. त्याची दोन पुस्तकं विकत घ्या, तो काय छापतो ते विचारा. आपली वही पिशवीतून काढू नका. पत्ता घ्या आणि घरी आल्यावर पाठवा. कविकट्ट्यावर तुमचं काम नाही, तुम्ही कथा लिहिता. खरं तर मला जिल्ह्याचे ग्रंथोत्सव आणि छोटी, एक दिवसाची संमेलनं जास्त कामाची वाटतात. तिथे जेवणाच्या रांगेत सगळे सारखेच उभे असतात.

एकट्या पडलेल्या लेखकाच्या आसपास एक बाजारही भरतो, त्यापासून जपून राहा. "राज्यस्तरीय साहित्यरत्न पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क अमुक" असा फोन आला तर ठेवून द्या. प्रातिनिधिक संग्रहात चार पानांसाठी पैसे, वर दहा प्रती विकत घेण्याची अट. सन्मानपत्र ऑनलाइन, सन्मानचिन्हाचे वेगळे. या लोकांना तुमच्या लेखनाची नाही, तुमच्या एकटेपणाची किंमत कळलेली असते. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात कमीपणा नाही, फक्त ते कुणी 'निवड' म्हणून विकत असेल तर फसू नका. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, 'मिळवून देण्याचे' म्हणून कुणी पैसे लावले तर लक्षात ठेवा: आपल्या देशात आयएसबीएन सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो.

घराचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत, "घरात लिहिणारं कुणी नाही". लिहिणारं असायची गरज नाही. बहिणाबाईंच्या कवितांची गोष्ट सांगताना लोक आचार्य अत्र्यांपासून सुरुवात करतात: सोपानदेवांनी आईच्या कविता अत्र्यांना दाखवल्या, अत्रे थक्क झाले, १९५२ साली पुस्तक आलं. पण आई जात्यावर, शेतात ओव्या म्हणत असताना त्या कुणीतरी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून अत्र्यांना दाखवायला काही होतं. घरच्यांनी कथा वाचलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. नवरा, सासू, आई, जे कुणी असतील, त्यांच्याकडून आठवड्यातली ठरलेली वेळ मागा: रविवारी सकाळी दोन तास मला हाक मारायची नाही. बायकांना हे मागताना अपराधी वाटतं, मी कितीतरी जणींकडून ऐकलं आहे. पुरवणीत छापून आलेल्या त्या दोन कथांची कात्रणं अशा वेळी उपयोगी पडतात. छापलेलं दिसलं की घर जरा नमतं.

पुस्तकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दहा-बारा कथा आहेत म्हटल्यावर कुणीतरी विचारेलच. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून दिला जातो आणि त्याला वयाची अट ३५ची, म्हणून तिशी आली की घाईघाईने पुस्तक उरकणारे मी बरेच पाहिलेत. त्या घाईची पुस्तकं घाईचीच दिसतात. आधी पाच-सहा कथा चांगल्या अंकांतून येऊ द्या. प्रकाशक हस्तलिखिताबरोबर तेच बघतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना फक्त पहिल्या पुस्तकासाठी असते, तेव्हा हौसेने एक पुस्तिका आधी छापून ती संधी घालवू नका. मंडळ वर्तमानपत्रांतून हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञ ती वाचतात आणि निवड झाली तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. त्यासाठी कुणाच्या चिठ्ठीची गरज नसते.

आणि प्रकाशक ठरला की, तो कितीही जवळचा झालेला असो, करार लेखी करा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखीच व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. आवृत्ती किती प्रतींची, मानधन टक्क्यांत की एकरकमी, आणि ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क कुणाकडे, हे प्रत्येकी एका वाक्यात मागा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं दिसलं तर सही करू नका, घरी घेऊन या आणि तालुक्याच्या वकिलाला दाखवा. करार इंग्रजीत आला तर मराठीत मागा.